तीन पायांचं कडवं

"कागद दे म्हणावं तिला," रावजी दाराच्या चौकटीकडं बघत म्हणाला. "हेडमास्तर परवा मानूस पाठवनार हायती. सव्वीस जानेवारी काय कुनासाठी थांबत न्हाय."

"म्हणावं, कागद मिळायचं न्हायती," विजयमाला चुलीकडं बघत म्हणाली. "मीच वाचणार हाय."

थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी तोंडासमोर बोलायचं नाही, ही त्यांची मंद्रूपची रीत. गाव सुटलं, बिऱ्हाड सोलापुरात आलं, जात्याच्या जागी पिठाची गिरण आली, पण ही रीत मात्र ट्रंकेत घालून आणल्यासारखी पाठोपाठ आली. म्हणून रावजीला विजयमालेला काही सांगायचं असलं की तो ते चौकटीला सांगे, आणि विजयमाला उत्तर चुलीला देई. दोघांची भांडणंसुद्धा अशीच व्हायची. चौकट आणि चूल बिचाऱ्या मुकाट ऐकून घ्यायच्या.

"कोन वाचनार?"

"मी."

"मंद्रूपात? सरपंच, मास्तर, भावकी, समदी बसल्यावर?"

"व्हय."

रावजीनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. अक्कलकोट रोडच्या चादरीच्या कारखान्यात तो जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा. दिवसभर मागांच्या खडखडाटात उभं राहून घरातही ओरडूनच बोलायची सवय लागलेली. पण टोपी मांडीवर आली की त्याचा आवाज उतरायचा. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आता वाद नाही, आता निकाल.

निकाल कशाचा, तर मानसिंगच्या कवितांचा. नाव इथंच सांगून टाकलेलं बरं, कारण या घरात ते कुणाच्या तोंडून ऐकू येत नाही. मानसिंग म्हणजे रावजीचा पाठचा भाऊ, विजयमालेचा नवरा. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाईत पंजाबाकडच्या कुठल्याशा नदीकाठी तो हरवला. 'बेपत्ता' एवढीच तार आली. मग दोन वर्षं काहीच नाही, आणि गेल्या दिवाळीत पलटणीचं पत्र आलं, की तो गेला असंच आता धरून चालावं. भरतीच्या दिवशी त्याला सायकलवर बसवून नेलं होतं ते रावजीनंच. तार आली त्या दिवसापासून रावजी त्याला 'त्यो' म्हणू लागला. आईच्या तोंडी 'पोरगं' आलं. आणि विजयमालेचा तर प्रश्नच नव्हता, नवऱ्याचं नाव कुठली बाई घेते? असं तिघांत मिळून ते नाव घरातून नाहीसं झालं.

मागं उरल्या कविता. पहाऱ्यावरून आला की तो लिहायचा आणि बायकोला पाठवायचा. त्याच्या शाळेच्या हेडमास्तरांना हे कळलं, आणि त्यांनी ठरवलं की यंदा झेंडावंदनाला शाळेत त्या वाचायच्या. ठरवलं ते चांगलंच केलं. पण वाचणार ते स्वतः.

"हे बघ," रावजी चौकटीला समजावू लागला, "हेडमास्तर शिकल्याली मानसं. कुटलं वाचायचं, कुटलं गाळायचं, त्येंस्नी कळतंय. म्हनले, वीरश्रीचं तेवढं वाचू, बाकीचं ऱ्हाऊ दे. तिनं फुडं येऊन साडीचोळी घ्यायची आन पदर घिऊन बसायचं. आता त्यांनी इचारलं, साडीवर कुंकवाची पुडी ठिवायची का न्हाय? मी काय सांगू? आज माज्या शालनच्या हुनाऱ्या सासरची मानसं येत्यात. त्येबी इचारनार, तुमची ती धाकटी हाय कोन? सवाष्ण, का..." त्यानं मांडीवरची टोपी उलटी केली. "एकदा काय ते ठरू दे. म्हंजे इषय मिटंल."

"मिटवायचाय कुनाला?"

हा आवाज कोपऱ्यातून आला. म्हातारी बजाबाई सुपात तीळ घेऊन खडे निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"आये, तुला कळत न्हाय."

"न्हाय कळत. एवढंच कळतंय, माझ्या पोराची माती मी डोळ्यांनी बघितली न्हाय. तवर हिच्या बांगड्यांस्नी कुनी हात लावायचा न्हाय. तारंच्या दिवशी सांगितलं त्येच आज सांगते."

विजयमालेच्या जिवाला तेवढाच आधार. ती वळून काही बोलणार, तोच म्हातारीनं सूप खाली ठेवलं.

"पर विजयमाला, कागद तू मास्तरास्नी दे."

"आत्याबाई!"

"बायामानसानं गावाफुडं हुभं ऱ्हाऊन वाचायचं, ते एक मला पटत न्हाय. आन दुसरं सांगू का? राग धरू नगंस. तुझं वाचनं शेवटाला पडतंय. बाजंला जसं चार पाय, तसं कडव्याला चार. पयली समदी कडवी चार पायांची. शेवटचं आलं की तीन पायांवर लंगडतंय. दर बारीला. मला वाटायचं, पोरगंच लिवता लिवता शेवटाला दमत आसंल. रातभर पहारा केल्यावर दमायचंच की. पर गावात लोक हसतील गं त्येला. मास्तर काय तरी नीट करून वाचतील."

विजयमालेनं चुलीतलं लाकूड उगाच पुढं ढकललं. डोळ्यांत धूर गेला म्हणायला ते बरं.

कारण लंगडं कडवं मानसिंगचं नव्हतंच. ते तिचं होतं. प्रत्येक कवितेच्या शेवटच्या कडव्यात तो जुन्या भजनांतल्यासारखं आपलं नाव घालायचा. 'मानसिंग म्हणे', आणि मग पुढचं. आता सासूसमोर बसून नवऱ्याचं नाव उच्चारायचं कसं? पहिलं पत्र वाचताना ती त्या दोन शब्दांवरून हळूच उडी मारून पुढं गेली. बजाबाईला अक्षर येत नव्हतं. दुसऱ्या पत्राला तेच, तिसऱ्याला तेच. पुढं पत्रं यायची थांबली, म्हातारी तीच तीच पुन्हा वाचून घेऊ लागली, आणि विजयमालेची उडी पक्की झाली. लाजेनं सुरू झालेली गोष्ट, आणि त्यापायी मेलं त्याच्या कवितेला खोट लागली. मेलं म्हटलं तरी आता तिला भीती वाटायची.

एका दुपारी घर रिकामं असताना तिनं करून बघितलं होतं. दार लावलं, हंड्यासमोर उभी राहिली, आणि म्हणाली, "मा..." पुढं जीभ टाळ्याला चिकटली. नुसत्या हंड्यापुढं ही गत, मग गावापुढं काय? कागद हेडमास्तरांना दिले असते तर सुटली असती. पण ते गाळणार होते ते नेमकं शेवटचं. त्यात 'भ्यालो' असं लिहिलेलं होतं ना! वीरानं भ्यायचं नसतं. म्हणजे कडवं जाणार, आणि कडव्याबरोबर नावही. दोन वर्षं तिनं गाळलं, आता मास्तर गाळणार. बास झालं.

"म्हणावं, कविता मी वाचणार," ती चुलीला म्हणाली, "आन समद्या कडव्यांसकट वाचणार."

रावजीनं टोपी डोक्यावर चढवली आणि सायकल काढून निघून गेला.

*

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस. शालनची होणारी सासू सोनाबाई गड्ड्याच्या जत्रेला म्हणून सोलापुरात आली होती, आणि जत्रेच्या नावाखाली घर बघायला आली होती हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. शालनची आई, रावजीची बायको गोजरबाई सकाळपासून हवालदिल. सतरंजी झटकली, सुगडं पुसली, हरभरा-बोरं-उसाची कांडकी ताटात तीनदा मांडली. आणि दिवे लागायच्या आधी स्वयंपाकघरात येऊन जावेसमोर उभी राहिली.

"विजयमाला, तीळगूळ थोडं कमी पडंल असं वाटतंय. तू हितंच बसून वळत ऱ्हा."

पाटीभर लाडू समोर होते. विजयमालेनं एकदा पाटीकडं बघितलं, एकदा जावेकडं.

"आक्का, सरळ सांगा की, भाईर यिऊ नगंस म्हणून."

गोजरबाईचा चेहरा पडला. ती वाईट बाई नव्हती. गेली दोन वर्षं विजयमालेच्या वेणीत गजरा माळायची ती हीच, फक्त तो घरात माळायचा, बाहेर जाताना काढायचा. "माझी पोर उजवू दे गं," ती हळूच म्हणाली. "एकदा सोयरीक पक्की झाली, की मग कोन काय म्हनंल ते म्हनू दे. पाया पडते तुज्या."

पाया पडते म्हणणाऱ्या थोरल्या जावेला काय बोलायचं? विजयमाला पाट ओढून बसली.

बाहेर बायका जमल्या. सोनाबाई आली, तिच्यासोबत तिच्याकडच्या दोघी, शेजारची काशम्मा, गल्लीतल्या चार-पाच. पुरुषमाणसं बाहेर ओट्यावर. रावजीनं व्याह्यांसाठी पान मागवलं. बजाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यालगत भिंतीला टेकून बसली. ती विधवा, तिला कुंकवाच्या करंड्याला शिवायचं नाही, बायकांच्या ओळीत बसायचं नाही. पण उंबऱ्यापासून तिला कोण उठवणार होतं?

मग उखाण्यातली नावं सुरू झाली; एरवी तोंडात न येणारं नवऱ्याचं नाव इथं तेवढं यमकात बसवून घ्यायचं. गोजरबाईनं रावजीचं घेतलं, त्यात सोलापुरी चादर आली आणि बाहेर ओट्यावर कुणीतरी खाकरलं. काशम्मा घरात कानडी बोलणारी बाई, तिनं निम्मं कानडी निम्मं मराठी असं काही जुळवलं की हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सोनाबाईनं तोऱ्यात चांगलं भारदस्त नाव घेतलं, आणि पदर सावरता सावरता मान वाकडी करून स्वयंपाकघरात बघितलं.

"आत कोन बसलंय?"

"ती... माझी जाऊ," गोजरबाई म्हणाली. "लाडू वळतीया."

"पलटनीतल्याची?"

"व्हय."

"मग तिचं काय ठरलं म्हनायचं? न्हाय, आमच्याकडं जरा बगत्यात. लग्नात हळद लावायला कोन, सूप धरायला कोन. आदी इचारल्यालं बरं."

गोजरबाई करंड्याचं झाकण लावत उघडत राहिली. आत विजयमालेच्या हातातला लाडू वळून झाला होता, तरी ती वळतच होती.

"मला इचारा की," बजाबाई म्हणाली.

"तुमास्नी कसं इचारायचं, मोठ्या मानसाला..."

"मोठी हाय म्हनूनच इचारा. घर माजं हाय. माज्या पोराची माती कुनी आनून दावली, तर मी ह्या हातानं हिच्या बांगड्या उतरवीन. कागूद आला म्हनून न्हाय उतरवनार. कागदाला काय कळतंय? विजयमाला, भाईर ये."

विजयमाला उठली नाही. जावेचा शब्द तिच्या पायाला अडकला होता.

"ये म्हनते न्हवं!"

ती आली. हाताला तिळाचं तेलकट, डोक्यावर पदर, कपाळावर सकाळी लावलेलं बारीक कुंकू घामानं पुसट झालेलं.

"गोजरा, कुंकू लाव तिला."

आता बोला! गोजरबाईच्या एका बाजूला होणारी विहीण, एका बाजूला सासू, आणि हातात करंडा. म्हातारीला स्वतः लावता येत नव्हतं, नाहीतर तिनं वाट बघितली नसती. गोजरबाईनं सोनाबाईकडं बघितलं. मग कोपऱ्यात नवी साडी नेसून बसलेल्या आपल्या पोरीकडं बघितलं. शालन काकूच्या हाताखाली वाढलेली. ती आईकडं टक लावून बघत होती आणि तिच्या डोळ्यांत स्वतःच्या लग्नाचं काही दिसत नव्हतं.

"जळ्ळं मेलं," गोजरबाई पुटपुटली, आणि तिनं चिमूटभर नाही, चांगलं बोटभर कुंकू जावेच्या कपाळावर ओढलं. "सोयरीक जुळायची आसंल तर अशीच जुळंल."

सोनाबाईच्या सोबतच्या दोघींनी एकमेकींकडं बघितलं. सोनाबाई मात्र हलली नाही.

"मग नाव बी घे की, काकू," शालन म्हणाली.

विजयमालेला लग्नात घेतलेलं नाव आठवेना. मंद्रूपला अंगणात बायकांनी कोंडून धरल्यावर तिनं काहीबाही यमक जुळवलं होतं, आणि तो ऐकून हसला होता, एवढंच आठवलं. बाकी पुसून गेलं होतं. दोन वर्षांत तिला कुणी 'नाव घे' म्हणालंच नव्हतं. बायका वाट बघत होत्या. बाहेर ओट्यावरचं बोलणंही थांबलं होतं.

आणि मग तिला उमगलं, की तिच्याकडं नाव आहे. त्यानंच लिहून पाठवलंय, चांगलं कडव्यात बसवून. ते सोडून दुसरं कशाला जुळवायचं? तिनं हात पदराला पुसले, समोरच्या भिंतीकडं बघितलं आणि म्हणायला सुरुवात केली. कागद ट्रंकेतच होते. त्यांची गरज नव्हती.

पहाऱ्याची रात । दात वाजे दाता ।
आठवते आता । चूल माझी ॥

चुलीपाशी माय । भाकरी थापते ।
तवा तापवते । माझ्यासाठी ॥

बजाबाईनं डोळे मिटले. हे तिला पाठ होतं. ओठ हलत होते.

पलीकडं कोण । त्यालाबी गं आई ।
तीबी वाट पाही । दारामंदी ॥

इथं विजयमाला थांबली. रोज इथंच उडी असायची. बजाबाईनं सवयीनं मान खाली घातली, आता लंगडणार म्हणून. विजयमालेनं श्वास घेतला. जीभ टाळ्याला चिकटली होती ती तिनं ओढून सोडवली.

मानसिंग म्हणे । भ्यालो मी गं जरी ।
पाय माझा तरी । हलं न्हाय ॥

'मानसिंग' तिनं असं म्हटलं, की गल्लीपार गेलं असेल. रावजीच्या घरात दोन वर्षांनी ते नाव उच्चारलं गेलं, आणि काही कोसळलं नाही. सुगडं जागच्या जागी होती. लांब कारखान्यांकडून मागांचा आवाज येत होता तसाच येत राहिला. विजयमालेला एकदम हलकं वाटलं, आणि ती तिथंच सतरंजीवर बसली.

"यव्वा!" काशम्मा म्हणाली. "केवढं लांब नाव गं हे!"

त्यावर कुणीतरी हसलं, कुणीतरी नाक ओढलं. सोनाबाईनं पदराच्या टोकानं डोळे टिपले, आणि ते कुणी बघितलं तर नाही ना म्हणून इकडंतिकडं बघितलं. "बाकीचं आमी मग बोलू," ती गोजरबाईला म्हणाली. मग विजयमालेकडं वळून जरा वेगळ्या आवाजात म्हणाली, "त्यानं लिवलंय व्हय हे? तुज्या मालकानं?"

"व्हय."

"आनि हाय?"

"हाय की. लई हायती."

बाहेरच्या दारात सावली पडली. रावजी उभा होता. हळदीकुंकवात पुरुषानं पाऊल टाकायचं नाही, म्हणून तो उंबऱ्यापलीकडंच होता. टोपी हातात चुरगळलेली. त्याचा चेहरा असा झाला होता की बायकांनी माना वळवल्या. तो चौकटीकडं बघेल असं सगळ्यांना वाटलं. पण त्यानं सरळ भावजयीकडं बघितलं.

"विजयमाला," तो म्हणाला, "सव्वीसला तू वाच. ह्येच वाच, ह्या कडव्यासकट. मास्तरास्नी काय सांगायचं ते मी सांगतो. आन ते साडीचोळीचं..." त्यानं घसा खाकरला. "पुडी ठिवा म्हनतो कुंकवाची. मानसिंगची बायकू हाय म्हनावं ती."

एवढं बोलून तो वळला आणि ओट्यावरून खाली उतरून अंधारात सायकलीपाशी उगाच उभा राहिला. त्याला हाक मारायला कुणी गेलं नाही.

बजाबाई अजून डोळे मिटून बसली होती. ओठ हलत होते. ती ते कडवं पुन्हा म्हणत होती, पहिल्यापासून, बोटावर एकेक पाय मोजत. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. पुन्हा एकदा म्हणून बघितलं. मग तिनं हात लांब करून चाचपत विजयमालेचं मनगट धरलं, बांगड्यांसकट, घट्ट.

"म्हंजे," ती म्हणाली, "दमत न्हवतं की गं माजं पोरगं."